उपवास, उलटी आणि अर्जुनाचा प्रश्न

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, मनात नसतानाही, कुणी बळजबरीने ओढून न्यावं तसा माणूस पाप का करतो? बुलिमिया झालेल्या माणसाला हा प्रश्न आठवड्यातून कित्येकदा पडतो. फ्रिजसमोर उभं राहून ब्रेडचं अख्खं पाकीट, कालचा गार भात, हाताला लागेल ते संपवायचं. मग ते ओकून टाकायचं किंवा दोन दिवस कडकडीत उपास करायचा. वर लाज. हे चक्र आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने चाललं आणि स्वतःची किंमत वजनकाट्यावर ठरू लागली, की डॉक्टर त्याला आजाराचं नाव देतात. वजन बहुधा चारचौघांसारखंच असतं, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडले, की मात्र धावाधाव होते.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनला शिकायला आलेल्या मराठी मुलीला हे लपवणं आणखी सोपं. विद्यापीठाचं वर्ष सप्टेंबरअखेर सुरू होतं आणि आगेमागे नवरात्र येतं. रॅडक्लिफ रोडवरच्या वेदिक सोसायटीच्या मंदिरात ‘माझे नऊ दिवस आहेत’ म्हटलं की पुढचा प्रश्न कोण विचारणार? कौतुकच होईल. फोनवर आईही खूश.

शिवाय आपल्याकडे ‘खाऊन माजावं, पण टाकून माजू नये’ असं पानावर बसल्या बसल्या शिकवलं जातं. बुलिमियाच्या रुग्णाला ही म्हण दोन्ही बाजूंनी कापते. खाल्लं तो त्याच्या स्वतःच्या लेखी गुन्हा, टाकलं तो म्हणीच्या लेखी.

या आजाराला आजचं नाव मिळालं ते १९७९ साली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी ३० रुग्णांचं वर्णन करणारा लेख लिहिला. वागणं मात्र जुनं आहे. चौदाव्या शतकातली इटलीची संत कॅथरीन ऑफ सिएना खाल्लेलं मुद्दाम बाहेर काढत असे, आणि तिच्या काळात त्याचा अर्थ धर्माच्या भाषेतच लावला गेला. म्हणून तिला आज सरळ रुग्ण ठरवणं घाईचं होईल. पण भक्तीच्या आडोशाला आजार आरामात बसू शकतो, एवढं तिच्यावरून नक्की दिसतं.

‘ही गोऱ्यांची थेरं’ म्हणणाऱ्यांसाठी ब्रॅडफर्डचं उदाहरण आहे. ममफर्ड आणि व्हाइटहाउस या संशोधकांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी करून १९८८ साली निष्कर्ष छापले. २०४ आशियाई मुलींपैकी ७ जणींना बुलिमिया होता, तर ३५५ गोऱ्या मुलींपैकी दोघींना. आकडे लहान आहेत, त्यांच्यावर इमारत उभारू नये. पण आशियाई मुलींमध्ये खाण्याबद्दलची अस्वस्थता इंग्रजी वळणाच्या घरांपेक्षा परंपरा घट्ट धरलेल्या घरांत जास्त आढळली, आणि ही गोष्ट पचायला जड आहे.

मग दोष कमी पडणाऱ्या मनोनिग्रहाचा का? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली संशोधक अॅन्सेल कीज यांनी एका प्रयोगासाठी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे कोण होते? धर्मश्रद्धेपायी किंवा विवेकबुद्धीला स्मरून बंदूक हातात घ्यायला नकार दिलेले, बरेचसे ब्रेदरन, क्वेकर आणि मेनोनाइट पंथांचे. देशभर युद्धज्वर चढलेला असताना ‘नाही’ म्हणणारी माणसं. निग्रहात कमी म्हणावीत अशी नव्हेत. त्यांच्यातल्या एकाचा किराणा दुकानात काम करत असताना स्वतःवरचा ताबा सुटला. बिस्किटं, पॉपकॉर्नची पिशवी आणि दोन जास्त पिकलेली केळी त्याने अधाशासारखी संपवली. प्रयोगशाळेत परतल्यावर त्याला उलटी झाली आणि तो स्वतःलाच शिव्या घालू लागला. बुलिमियाचं चित्र जवळजवळ पुरं झालं, आणि तेही सडपातळ दिसण्याच्या हव्यासाशिवाय. भूक पुरेशी ताणली, की शरीर सूड उगवतं.

अर्जुनाच्या प्रश्नाला श्रीकृष्णाचं उत्तर प्रसिद्ध आहे: काम आणि क्रोध हेच वैरी, त्यांना मार. बुलिमियाच्या रुग्णाने हे शब्दशः घेतलं तर घात. तो वैऱ्याला रोजच उपाशी मारत असतो. संध्याकाळी वैरी दुप्पट होऊन उठतो. रुग्णाच्या उपयोगाचा आहे तो गीतेचा सहावा अध्याय. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असं तिथे एका दमात सांगितलं आहे. आपल्या कीर्तन-प्रवचनांत पहिल्या अर्ध्यावरच जोर असतो, हा भाग वेगळा.

साउथहॅम्प्टनमध्ये बिटर्न भागातल्या एप्रिल हाऊसमध्ये खाण्याच्या विकारांवर उपचार होतात. ब्रिटनच्या २०१७ च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेनुसार प्रौढ रुग्णाला आधी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्वयंमदतीचं पुस्तक दिलं जातं. तेवढ्याने भागलं नाही, तर २० आठवड्यांत साधारण २० बैठकांची वर्तनोपचार पद्धत. तिची सुरुवात घड्याळाने होते: तीन जेवणं, मधे दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि पोट फार वेळ रिकामं ठेवायचं नाही.

मग हे उपचार घेणाऱ्या मुलीने नवरात्रात घट बसल्यावर काय करावं? व्रतांच्या शास्त्रात याची सोय आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असा जुना संकेत आहे. वेळेवरचं जेवण हेच जिचं औषध, तिने दुपारी बाराला वरणभात खाल्ला तर नवरात्र मोडतं असं म्हणायला शास्त्रात जागा नाही. अडचण इतकीच की नवरात्र कधी येतं हे तिथल्या डॉक्टरला ठाऊक नसतं आणि डॉक्टरने काय सांगितलंय हे पुण्यातल्या आईला. दोन्हीकडे तोंड तिलाच उघडावं लागतं.