नळी आणि घास

मांजर दोन दिवस जेवलं नाही तर आपण म्हणतो, बाहेर उंदीर मारला असेल, भूक लागली की येईल आपणहून. पण मांजराला उपास सोसत नाही. काही दिवस पोट रिकामं राहिलं की अंगावरची चरबी सुटून यकृतात साचू लागते आणि यकृत थकतं. कानांची आतली बाजू, हिरड्या पिवळ्या दिसायला लागतात. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. मूळ दुखणं दाताचं असो की मूत्रपिंडाचं, त्याच्याआधी उपाशीपणच जिवावर उठू शकतं.

आमचा बोका आजारी पडला तेव्हा मी त्याला मांडीत दाबून धरलं आणि सिरिंजने चिकनचं पाणी तोंडात सोडत राहिले. माया म्हणूनच केलं ते. चौथ्या वेळी तो वाटी दिसताच पलंगाखाली शिरला. असं भरवलेलं श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, मानेतून नळी घालू. माझ्या डोळ्यांसमोर अतिदक्षता विभाग उभा राहिला. नळी म्हणजे शेवट, असंच आपल्या मनात बसलेलं असतं.

थोडा वेळ भूल देऊन मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत ती बसवली, एक्स-रे काढून टोक जागेवर आहे ना ते पाहिलं. ४ किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी मात्र त्याचा तिसरा हिस्साच द्यायचा. उपाशी शरीराला एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं. मिक्सरमधून काढलेलं कोमट खाणं सावकाश सोडायचं, आधी आणि नंतर थोडं पाणी. औषधंही नळीतूनच.

जेवण आणि जबरदस्ती यांची त्या नळीने फारकत केली. पोट भरत राहिलं आणि तोंड त्याचं त्याला परत मिळालं. भरवताना तो माझ्या मांडीवर चक्क डुलक्या घ्यायचा. बाराव्या दिवशी, मानेला पट्टी असतानाच, तो वाटीपाशी आला आणि स्वतःच्या जिभेने चार घास खाल्ले.

तुमच्या मांजराने दिवसभर वाटीला तोंड लावलं नाही तर वाट बघू नका, दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांनी नळी सुचवली तर घाबरून नाही म्हणू नका.