मुहूर्त कोणाचा?

'घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरी तिला एक शेपूट जोडावे लागले: लग्न पहावे पुढे ढकलून. त्या ढकलण्यात माझाही हात होता, म्हणून हा लेख.

माझी भाची बेळगावची, मुलगा पुण्याचा. दोघांनी एकमेकांना पसंत केले होते आणि दोन्ही घरे राजी होती. जात, पत्रिका, देणेघेणे, कशाचीच अडचण नव्हती. मे २०२० मधला मुहूर्त धरला, हॉल ठरला, पत्रिका छापल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि पत्रिकांचे गठ्ठे माळ्यावर गेले. यात दोष कोणाचाच नव्हता.

पुढे पन्नास माणसांत लग्न करण्याची मुभा मिळाली. 'जूनअखेर उरकून घेऊ या,' असे भाचीने सुचविले. त्या वेळी 'नको' म्हणणारा मी होतो. आमच्या कर्नाटकात लांबलेली एस.एस.एल.सी.ची परीक्षा २५ जूनला सुरू होणार होती. मुख्याध्यापकाने शाळा सोडून जायचे कसे? 'मामाशिवाय मुलगी बोहल्यावर कशी चढेल?' असे ताई म्हणाली. खरे सांगतो, ते ऐकून मला बरे वाटले.

त्यानंतर कारणांना तोटा नव्हता. डिसेंबरात मुलाच्या घरी मोठ्या माणसाचे निधन झाले. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याला करायचे ठरले, तर महाराष्ट्र सरकारचा हुकूम निघाला: माणसे २५, वेळ २ तास. त्या पंचवीसांत कोणाची किती माणसे, यावर दोन्ही घरांत आठवडाभर फोनाफोनी झाली आणि शेवटी तारीखच गेली. जुलैत पुन्हा परीक्षा आली, १९ आणि २२ तारखेला. मधेच २० ला आषाढी, म्हणजे चातुर्मास सुरू. दिवाळीनंतर वडीलधाऱ्यांनी ठरविले, 'इतके थांबलोच आहोत, तर आता वैशाखात हजार पानांचे दणक्यात करू.'

मार्गशीर्षात दोघांनी 'मित्रमंडळींबरोबर चार दिवस जंगलात फिरायला जातो' असे घरी सांगितले आणि ती आमच्या जोयडा तालुक्यात आली. नदीकाठी लग्न लावावे असे त्यांच्या मनात होते. पण अभयारण्यात विस्तव पेटवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे, आणि होमाशिवाय लग्न त्यांनाही नको होते. तेव्हा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला एका कुणबी वाडीत, ज्या घरी उतरली होती त्याच घराच्या अंगणात, एका भटजींना बोलावून सप्तपदी झाली. चार मित्र आणि वाडीतली माणसे, एवढाच समारंभ. दुसऱ्या दिवशी गणेशगुडीला रबरी तराफ्यात बसून नवराबायको काळीच्या खळाळत्या पाण्यात उतरली. त्या रात्री फोन आला. माझ्या शाळेपासून दीड तासाच्या वाटेवर हे सारे घडले होते!

ताई दोन दिवस जेवली नाही. मी संतापलो. विरोध असता तर पळून जाणे समजले असते. जिथे सगळे राजी तिथून पळायचे कशाला? भाची भेटायला आली तेव्हा हेच विचारले. ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता. फक्त तारीख विचारली असती."

या वाक्याने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. आम्ही कोणीच नकार दिला नव्हता. प्रत्येकाचे कारण खरे होते. माझी परीक्षा खरी होती, त्यांच्या घरचे दुःखही खरे होते. पण पाच खऱ्या कारणांची बेरीज एका नकाराएवढी झाली. उघड नकार देणाऱ्याला निदान त्याची जबाबदारी घ्यावी लागते; कारण सांगावे लागते, रोष पत्करावा लागतो. 'जरा थांबू या' म्हणणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. तो चांगलाही राहतो आणि काम अडवूनही धरतो. आपल्या घरांतून मायेने चालणारी ही सत्ता आपल्याला सत्ता वाटतच नाही.

मग लग्नात आप्तांचा हक्क काहीच नाही काय? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे ७ वे कलम सांगते की, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर ३० दिवसांची नोटीस आणि ३ साक्षीदार लागतात. कायदा साक्षीदार मागतो. हजार पाने कोणी मागितलेली नाहीत. साक्षीदाराचे महत्त्व आपल्या परंपरेलाही ठाऊक आहे. कालिदासाच्या शकुंतलेचे लग्नही रानातच, गांधर्व पद्धतीने झाले. वडीलधारे कोणी जवळ नव्हते. पुढे दुष्यंत विसरला तेव्हा भर दरबारात त्या बिचारीकडे दाखवायला अंगठीसुद्धा उरली नव्हती. लग्नाला माणसे हवीत ती याकरिता. उद्या एकजण विसरला, तर 'आम्ही पाहिले आहे' असे ठणकावून सांगणारे कोणी हवे.

म्हणूनच पोरांचीही चूक मी झाकणार नाही. 'अमुक दिवशी आम्ही लग्न करीत आहोत. या, न या,' एवढे सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखवायला हवे होते. तारीख विचारू नये, पण कळवावी. ज्या आईने दोन वर्षे रुखवत जपून ठेवले, तिला लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकता आल्या नाहीत, हे नुकसान भरून येण्यासारखे नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे १८८२ चे 'संगीत सौभद्र' आपल्या सीमाभागात कोणाला ठाऊक नाही? त्याची मूळ कथा महाभारतातली. रैवतक डोंगराच्या उत्सवातून अर्जुनाने सुभद्रेला नेले. बलराम खवळला, यादवांनी शस्त्रे उचलली. कृष्णाने समजूत घातली आणि त्याच मंडळींनी अर्जुनाला परत बोलावून रीतसर लग्न लावले. मोठेपण आहे ते या परत बोलावण्यात.

मी ताईला घेऊन त्या वाडीत गेलो. घरच्या बाईने तांदळाची भाकरी वाढली. बोलता बोलता कोकणीत म्हणाली की, लग्न लागताना पोरीच्या पाठीमागे कोणीच उभे नव्हते, ते बरे दिसेना, म्हणून ती स्वतःच जाऊन उभी राहिली. ती जागा मामाची. परीक्षेचे कारण सांगून मी ती मोकळी ठेवली होती, आणि एका परक्या बाईने, कोणी न सांगता, ती भरून काढली. ताईने तिची ओटी भरली.

परतताना सुपा धरण लागले. माझ्या आईवडिलांचे लग्न जुन्या सुप्यात, आजोबांच्या अंगणात झाले. १९८७ साली धरण पुरे झाले. ते अंगण आता पाण्याखाली आहे. अंगण गेले, मांडव गेला, त्या दिवशीचा मुहूर्त कोणाला आठवत नाही. त्यानंतर त्यांनी रामनगरला संसार केला तो एकमेकांच्या भरवशावर.

आता शाळेतले तरुण शिक्षक लग्नाची तारीख सांगायला येतात तेव्हा मी कॅलेंडर पाहत नाही. किती वाजता यायचे, एवढेच विचारतो.