जुना कूलर आणि नारदस्मृती

ऊन तापू लागलं की अमरावती-अकोल्यात ओएलएक्सवर जुन्या कूलरचे फोटो झळकतात. समजा, अमरावतीच्या राजापेठेतला कूलर अकोल्याच्या जठारपेठेत गेला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, 'भाऊ, मोटर लय आवाज करून राह्यली. पैसे वापस द्या.' द्यावेत का?

कायद्यात विकणाऱ्याची बाजू भक्कम. 1930 चा मालविक्री कायदा पारखून घेण्याचा भार बहुतांशी गिऱ्हाइकावरच टाकतो, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा रोख व्यापाऱ्यावर आहे, घरातली अडगळ काढणाऱ्यावर नाही. धर्माचा प्रश्न उरतोच.

मनूने घेणाऱ्यालाही आणि विकणाऱ्यालाही पस्तावायला दहा दिवस दिले. याज्ञवल्क्याने पारखण्याची मुदत मालागणिक ठरवली: लोखंडाला 1 दिवस, दुभत्या जनावराला 3, बियाण्याला 10. (त्याच यादीत विकत घेतलेल्या माणसांचीही मुदत आहे, स्मृतींचे गोडवे गाणाऱ्यांनी तेही वाचावं.) वापरलेल्या वस्तूबाबत नारद मात्र कडक. नेसून मळलेलं वस्त्र सदोष असलं तरी विकणाऱ्याकडे परत जात नाही.

मग विकणारा सुटला? छे! चांगला माल दाखवून सदोष माल गळ्यात मारणाऱ्याकडून हाच नारद दुप्पट किंमत वसूल करायला लावतो, वर तेवढाच दंड. हदीसमध्येही व्यवहाराची बरकत मालातला दोष सांगण्याशी जोडली आहे.

तेव्हा जठारपेठेच्या फोनवर निवाडा करायचा, तर आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडावं लागेल. पाठवलेला व्हिडिओ चालू कूलरचा होता, की आवाज बंद करून पाठवला होता?