तारण

मराठीत एक शब्द असा आहे, की तो ऐकला की पाद्रीबाबा आकाशाकडे पाहतात आणि बँकेचा माणूस गिऱ्हाइकाच्या बायकोच्या बांगड्यांकडे पाहतो. तो शब्द म्हणजे तारण. मराठी बायबल वाचणाराला तारण म्हणजे पापातून सुटका. आम्हा बँकवाल्यांना तारण म्हणजे पाटल्या, सातबारा, नाहीतर विम्याची पॉलिसी. पहिलं तारण देव देतो म्हणतात, दुसरं आम्ही ठेवून घेतो. मी बी. कॉम. असल्यामुळे माझा अभ्यास दुसऱ्याचाच. पहिल्याचा पेपर आम्हाला नव्हता.

तरीही नागपुरात राहून पहिल्याकडे अगदीच दुर्लक्ष करता येत नाही. हिस्लॉप कॉलेज ठाऊक नाही असा नागपूरकर नसेल. हिस्लॉप कोण हे ठाऊक असलेला मात्र शोधावा लागतो. आमच्या कॅशियरची समजूत होती की हा कुणी क्रिकेटर असावा. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे पाद्री. १८४५ साली ते नागपुरात आले तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं, रेल्वे यायला बावीस वर्षं अवकाश होता, आणि उन्हाळा मात्र आजच्याइतकाच असणार. हा माणूस मराठी शिकला आणि भर बाजारात उभा राहून भाजी घ्यायला आलेल्या लोकांना मोक्षाच्या गोष्टी सांगू लागला. आपल्याकडे बाजारात पाव भाजी जास्त घेतली तर कोथिंबीर फुकट मिळते. पाद्रीबाबांकडे मोक्षच फुकट. नागपूरकर ते ऐकून घेत आणि कोथिंबीर घेऊन घरी जात.

पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. पोरं आली ती इंग्रजीसाठी, आणि बहुतेक इंग्रजी तेवढं घेऊन गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर वसुली फार वाईट. आमच्या एखाद्या शाखेने असे आकडे दाखवले असते तर मॅनेजरची बदली गडचिरोलीला झाली असती. पण हिस्लॉपसाहेब दगड गोळा करीत राहिले, गोंडांची गाणी उतरवून घेत राहिले (ती त्यांच्या मागे १८६६ साली छापली गेली), आणि एका खनिजाला त्यांचं नावही मिळालं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं उकरायला ते गेले होते. सोबतचे बडे साहेब पुढे निघाले, हे गावातल्या शाळेतल्या पोरांची परीक्षा घेत मागे थांबले. परतताना वाटेतल्या नाल्याला पूर होता. त्यात ते गेले. वय सेहेचाळीसच्या आसपास, म्हणजे माझंच.

आता नीतीचा प्रश्न असा की, एका हाताने औषध, पाटी, भाकरी द्यायची आणि दुसऱ्या हाताने धर्म पुढे करायचा, हे दान की आमिष? या प्रश्नावर तावातावाने बोलणारे लोक आमच्या कॉलनीत पुष्कळ आहेत. मी त्यात सहसा पडत नाही, कारण माझं पोटच या धंद्यावर आहे. मुदत ठेवीवर भिंतीवरचं घड्याळ दिलं तर ती ‘आकर्षक योजना’. पाद्र्याने क्विनाइनबरोबर शुभवर्तमान दिलं तर ते प्रलोभन. घड्याळ तर महिन्याभरात बंद पडतं. क्विनाइनने ताप तरी उतरत असे.

मीही एकदा असा प्रचाराला गेलोय. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधनची खाती उघडायला आमची तुकडी शहराबाहेरच्या एका वस्तीत नेऊन सोडली. कडुलिंबाखाली टेबल, टेबलावर फॉर्म, शाईचा पॅड. आमच्या साहेबांनी बचतीवर असं काही व्याख्यान दिलं की मला स्वतःचा प्रॉव्हिडंट फंड आठवून भरून आलं. समोर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, ‘‘पैसे ठेवाले आंधी पैसे तं पायजेन ना, साहेब.’’ साहेब पाणी प्यायले. मी पुढे झालो. म्हटलं, ‘‘आजी, एक रुपयाही लागत नाही. कार्ड मिळेल, अपघाताचा एक लाखाचा विमा मिळेल.’’

‘‘अन् तुले काय भेटते?’’

अर्थशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात एवढा नेमका प्रश्न मी वाचला नव्हता. म्हटलं, ‘‘आजी, खरं सांगू? संध्याकाळपर्यंत दीडशे खाती झाली नाहीत तर वरून फोन येईल.’’

म्हातारी मोकळं हसली. ‘‘मंग असं सांग ना बाप्पा! आण, कुठी आंगठा लावू?’’ आणि वस्तीतल्या आणखी अकरा जणींना हाताला धरून घेऊन आली.

तेव्हापासून मी उपदेश करणाराला याच मापाने मोजतो: आपल्याला काय भेटतं हे तो तोंडावर सांगतो का? बाजारातला पाद्री ते लपवीत नव्हता; त्याला तुमचा आत्मा हवा होता आणि तो तसं ओरडून सांगत होता. दुसरं माप त्याहून कडक. समोरचा ‘नाही’ म्हणाला तर औषध बंद होतं का? सीताबर्डीला मिशनचं म्यूर मेमोरियल हॉस्पिटल. तिथे नागपूरच्या कितीतरी घरांतल्या सुना बाळंत झाल्या आणि घरी जाऊन त्यांनी सटवाईची पाचवी पुजली. ते कर्ज तारणाशिवायचं. जिथे डोस दुसरा पाहिजे तर आधी गाणं म्हण, असा हिशेब असेल, तिथे मात्र ती सावकारी. तिला सेवा म्हणू नये, मग वर झेंडा कुठल्याही धर्माचा असो.

दुसऱ्या बाजूचंही गणित मला पटत नाही. मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. मिशनऱ्यांच्या कामात प्रलोभन फार, असा अहवाल तिने १९५६ साली दिला. काही ठिकाणी असेलही. पण त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, याच नागपुरात लाखो गरीब माणसं पांढरे कपडे घालून, पदरमोड करून आली आणि बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाली. तिथे कुणी कुणाला भाकर दाखवली नव्हती. घरची भाकर बांधून आली होती माणसं. मिशनऱ्याला वाटतं गरिबाला आत्मा आहे पण त्याची किल्ली पोटात आहे. मिशनऱ्याच्या विरोधकालाही तेच वाटतं. मध्ये डोकं नावाचा एक अवयव असतो, तो दोघांच्याही खातेवहीत नाही.

आणि ज्याला खरंच पटायचं त्याला बाजारातल्या व्याख्यानाची गरजही नसते. नारायण वामन टिळक १८९३ साली नोकरीसाठी नागपूरकडून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरा साहेब. साहेब हाकलून देणार असं वाटत होतं, तर त्याने सरकून जागा दिली, कवितेच्या गप्पा मारल्या आणि उतरताना बायबल हातात ठेवलं. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर त्यापायी काय गुदरलं ते ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि ते वाचल्यावर एका सरकून दिलेल्या जागेची किंमत किती जणांनी मोजली हेही कळतं.

आमची म्हातारी आता दर महिन्याला शाखेत येते. परवा काउंटरजवळ टाय लावलेला एक विम्याचा पोरगा तिला गाठून पंधरा मिनिटं तिच्याच कल्याणाचं सांगत होता. मी नोटा मोजता मोजता कान देऊन होतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पासबुक पिशवीत घातलं आणि विचारलं, ‘‘अन् तुले काय भेटते, बाप्पा?’’

पोरगा टाय सैल करू लागला.