बर्फांतील खून आणि शेजारधर्म

खुनाच्या कादंबऱ्या वाचणें हा वेळेचा अपव्यय आहे किंवा नाहीं, हा वाद आम्ही येथें बाजूस ठेवतों. त्या वाचून कोणी खुनी होतो असेंही आम्हांस वाटत नाहीं; सोमलाचे गुणधर्म मुखोद्गत असलेले कित्येक अत्यंत सात्त्विक गृहस्थ केवळ या वाचनामुळेंच आमच्या परिचयाचे आहेत! आम्हांस विचार करावासा वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. या कादंबऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे कीं, त्यांत खून होतो तो एखाद्या लहानशा गांवीं, ऐन हिंवाळ्यांत, बर्फानें वाटा बुजल्या असतां. तेथें मनुष्याचा प्राण जातो, आणि वाचकास मात्र शेकोटीजवळ बसल्यासारखी ऊब वाटते. ही ऊब येते कोठून, आणि ती घेण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे?

पाऊलखुणा दाखविणें हें अशा कथेंतील बर्फाचें लहानसें काम. त्याचें मोठें काम म्हणजे गांव बंद करणें. गाडी नाहीं, टपाल नाहीं. तेव्हां मारेकरी कोठून तरी आला आणि कोठें तरी निघून गेला, ही सोयीची कल्पना टिकत नाहीं. ती किती सोयीची असते तें आपण जाणतोंच. गांवांत चोरी झाली कीं पहिली नजर वेशीबाहेर उतरलेल्या पालांकडे वळते. आपल्या देशांत तर १८७१ सालीं हा संशय कायद्याच्या पुस्तकांतच शिरला आणि कित्येक भटक्या जमातींचीं मुलें जन्मतःच गुन्हेगार ठरलीं. तो कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. बर्फ ही पळवाट बुजवितो. ज्यानें सकाळीं दूध घातलें, जो सायंकाळीं पत्ते खेळावयास आला, त्यांच्यापैकींच कोणी तरी एक, एवढेंच मग शिल्लक राहतें.

उदाहरणार्थ अगाथा ख्रिस्ती बाईंची ‘द सिटाफर्ड मिस्टरी’ ही १९३१ सालची कादंबरी घ्या. (रहस्य फोडणें हा या प्रांतांतील अक्षम्य अपराध खरा, परंतु पुस्तकास ९० वर्षें होऊन गेलीं, तेव्हां मुदत संपली असें आम्ही धरतों.) इंग्लंडांतील डार्टमूरच्या उजाड माळावर बर्फ सांचला आहे. सिटाफर्ड नांवाच्या वस्तींत कांहीं मंडळी टेबलाभोंवतीं बसून मृतात्म्यांशीं बोलण्याचा खेळ खेळत असतां ‘कॅप्टन ट्रेव्हेल्यन मेला’ असा निरोप येतो. त्याचा जुना मित्र मेजर बर्नबी त्या बर्फांतून ६ मैल चालत एक्झॅम्प्टन गांवीं जातो, आणि मित्र खरोखरीच मारला गेलेला आढळतो. दाराच्या फटींतून गार वारा येऊं नये म्हणून हिरव्या बनातीच्या लांबट पिशवींत वाळू भरून ठेवीत. तीच हत्यार झालेली असते. पोलीस पकडतात तो लंडनहून आलेल्या भाच्यास. म्हणजे पुनः बाहेरचाच! खुनी निघतो तो मात्र हा मित्रच. तो चालत गेलाच नव्हता. पायांस स्की बांधून उतारावरून घसरत तो कितीतरी आधीं पोहोंचला होता. ट्रेव्हेल्यन स्पर्धेचीं उत्तरें मित्राच्या नांवानें धाडीत असे. त्यांतून आलेलें ५,००० पौंडांचें बक्षीस गिळावयाचें, एवढाच हेतु.

वर्षानुवर्षांचा स्नेह ५,००० पौंडांस विकला जातो, ही गोष्ट खरी म्हणजे झोंप उडविणारी आहे. परंतु ती उडत नाहीं. एकावर बोट ठेवलें गेलें कीं बाकी साऱ्या गांवास त्याच क्षणीं दोषमुक्तीचा दाखला मिळतो. आपणही त्या रांगेंत उभे राहून आपला दाखला घेतों, आणि दिवा मालवून निजतों. डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीनें १९४८ सालीं एका निबंधांत म्हटलें कीं, या कथांच्या वाचकास आपल्या निष्पापपणाचें स्वप्न हवें असतें. आम्हांस तें पटतें. मात्र तें स्वप्न फुकट मिळत नाहीं. मधल्या दोनशें पानांत प्रत्येक शेजाऱ्यानें प्रत्येक शेजाऱ्याविषयीं जें मनांत आणलें, त्याचा हिशेब शेवटच्या प्रकरणांत कोणीच करीत नाहीं.

तो हिशेब डोरोथी सेयर्स बाईंनीं ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) या कादंबरींत मांडला आहे, आणि म्हणूनच आम्ही तिला या वर्गांत सर्वांच्या वर ठेवतों. सेयर्स या एका धर्मोपदेशकाच्या कन्या. पूर्व इंग्लंडांतील पाणथळ फेन प्रदेशांत त्यांचें बालपण गेलें. वर्षाअखेरच्या दिवशीं लॉर्ड पीटर विम्झी याची मोटार बर्फांत रस्त्याखालीं जाते, आणि तो फेंचर्च सेंट पॉल या गांवीं आश्रयास येतो. नववर्षाच्या स्वागतासाठीं चर्चच्या आठ घंटा सलग नऊ तास वाजवावयाच्या असतात. विल थोडे हा वाजविणारा तापानें पडलेला असल्यामुळें पाहुणा त्याच्या जागीं दोर ओढतो. पुढें ईस्टरच्या सुमारास एका थडग्यांत परकें, हात तोडलेलें प्रेत सांपडतें. तो जिऑफ्री डीकन नांवाचा चोर. विलच्या पत्नीचा, मेला असें समजला गेलेला पहिला पति. विलनें त्यास घंटाघरांत बांधून ठेवलें होतें, पण तापामुळें त्यास परत वर जातां आलें नाहीं. प्रेत पाहून विलच्या भावानें तें विलचेंच कृत्य मानलें व त्यास वांचविण्यासाठीं तें लपविलें. विलला वाटलें, भावानेंच मारलें. दोघेही प्रेमापोटींच एकमेकांस खुनी समजत राहिले!

डीकनला मारलें तें घंटांनीं. नऊ तासांच्या त्या प्रचंड नादांत बांधलेला मनुष्य मेला. वैद्यक हें कितपत मान्य करील तें करो. नीतीच्या दृष्टीनें प्रश्न पक्का आहे. मारेकरी कोण? दोर ओढणारे आठही जण, आणि त्यांत शोध लावणारा स्वतः विम्झी. कोणाच्याही मनांत पाप नव्हतें. सर्वजण ईश्वराची सेवाच करीत होते. येथें पोलिसांच्या हवालीं करावयास कोणी उरत नाहीं. म्हणून कोणास दाखलाही मिळत नाहीं.

सिटाफर्डचें रहस्य एकदां कळल्यावर तें पुस्तक आम्हांस पुनः उघडावेसें वाटलें नाहीं. हें दुसरें आम्हीं तीन वेळां वाचलें आहे. आतां त्या नऊ तासांचें वर्णन आलें कीं, दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचें नांव आम्ही सावकाश वाचतों.