त्याग पुरा, दान अपुरे

उल्हासनगर असो वा बदलापूर, घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कित्येक राउटरांत मुख्य सॉफ्टवेअरच्या आधी यू-बूटसारखा बूटलोडर चालतो. मुख्य सॉफ्टवेअर बिघडले, तर तो नेटवर्कवरून नवी प्रत मागवू शकतो. मागणीचे पॅकेट मेमरीत तयार असते. बूटलोडरचा नेटवर्क ड्रायव्हर त्याचा पत्ता डिस्क्रिप्टर नावाच्या नोंदीत लिहितो आणि मालकीचा बिट बदलून ते नेटवर्क चिपच्या हवाली करतो. आता त्या मेमरीला हात लावायचा नाही, नाहीतर भलतेच पॅकेट तारेवर जाईल. इंटरप्टची सोय बहुधा नसल्याने ड्रायव्हर तोच बिट पुन्हा पुन्हा तपासत राहतो. बिट परतला, की काम झाल्याचे वर कळवतो. कोणते काम? सोडल्याचे, की पोचल्याचे?

हा प्रश्न या भागाला नवा नाही. अंबरनाथचे शके 982, म्हणजे 1060 सालच्या शिलालेखाचे शिवमंदिर शिलाहारांचे, आणि याच घराण्यातल्या अपरादित्याने पुढे बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर टीका लिहिली. धर्मशास्त्र दान आणि उत्सर्ग यांत फरक करते. दानात आपले स्वत्व, म्हणजे मालकी, सुटते आणि दुसऱ्याचे उपजते. घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय ते पुरे होत नाही. तळे लोकांसाठी सोडणे हा उत्सर्ग. तिथे घेणारा ठरावीक कोणी नसतो, सोडले की झाले. परतलेला बिट सोडल्याची साक्ष देतो, स्वीकारल्याची नाही.

यंत्राला संकल्प नसतो, मग त्याग कसला, असे कोणी विचारेल. पण संकल्प ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा आहे. बिट परतल्यावर काय झाले म्हणायचे, हे त्यानेच ठरवले. मेमरी तर परत मिळते, मग तो त्याग कसा? मिळते ती जागा. तारेवर गेलेले पॅकेट माघारी बोलावता येत नाही.

तिसरा आक्षेप जास्त मोहक आहे: पाठवणे आपले, पोचणे देवाच्या हाती, हाच निष्काम कर्माचा अर्थ नव्हे का? ड्रायव्हरपुरते ते खरे. पण त्याच्या वर टीएफटीपी हा फाइल आणणारा प्रोटोकॉल बसलेला असतो. एरवी 512 बाइटांचा एकेक तुकडा येतो, बूटलोडर त्याची पोच देतो, आणि पोच मिळाल्याशिवाय सर्व्हर पुढचा तुकडा सोडत नाही. ठरलेल्या वेळात काहीच आले नाही, तर पुन्हा पाठवले जाते. ड्रायव्हरला फळाची चिंता नाही, कारण ती दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला नेमून दिलेली आहे. गीतेच्या नावाने ‘मी पाठवले, माझे संपले’ म्हणणाऱ्याने आपल्या वर पोच तपासणारा कोणी आहे का, हे आधी सांगावे.