आधार आणि अधिकार

रोग्यास त्याच्या रोगाचे नाव सांगावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. पण तो मुळात नीतीचा आहे. कर्करोगाच्या बाबतीत तर तो आपल्या घराघरांतून उभा राहतो. तपासणीचा कागद हाती आला की कर्ता मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतो, "आईला काही सांगू नका, ती खचेल." मग आईला सांगण्यात येते की, साधी गाठ आहे, काढून टाकली की झाले. आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना खरे ठाऊक असते. जिच्या देहात रोग आहे तिला मात्र ते ठाऊक नसते. हे सारे प्रेमापोटी घडते, याविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती एवढीच की, ज्या प्रेमाला माणसाचा अधिकार काढून घ्यावा लागतो, ते त्याला आधार देऊ शकते काय?

लपविणाऱ्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हा शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे साधन नव्हते. रोगाचे नाव घेणे म्हणजे मृत्यूची वर्दी देणे, ही समजूत त्या काळी अकारण नव्हती. जेथे करण्यासारखे काही उरले नाही, तेथे निदान मनाची शांती तरी राखावी, या विचारात करुणा होती. परंतु आज स्थिती पालटली आहे. लवकर ध्यानात आलेले कित्येक कर्करोग पूर्ण बरे होतात. कित्येक वर्षानुवर्षे आटोक्यात राहतात. कारण गेले आणि रीत तेवढी मागे उरली.

शिवाय आजचे उपचार रोग्याच्या सहकार्यावाचून पार पडण्याजोगे नाहीत. औषधाची एक पाळी झाली की बहुधा तीन आठवड्यांनी दुसरी; किरणोपचार, ज्याला लोक 'लाइट देणे' म्हणतात, तो बहुतेकदा आठवड्यातून पाच दिवस, असा कित्येक आठवडे. गोव्याहून वा बेळगावाहून मुंबईस गेलेली कुटुंबे त्यासाठी नातलगांच्या घरी किंवा धर्मशाळेत मुक्काम करतात. केस गळतात, तोंड येते, अन्नाची चव जाते. औषधानंतरच्या एकदोन आठवड्यांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटतात. अशा वेळी ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते, कारण तो जिवावर बेतू शकतो. जिला आपले दुखणे साधे म्हणून सांगितले आहे, ती माउली मध्यरात्री अंग तापले तर काय करील? मुले दमून झोपली आहेत, त्यांना कशाला उठवा, असे म्हणून पांघरूण ओढून घेईल. प्रेमाने सांगितलेले असत्य येथे घात करू शकते.

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठायी उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता असावी. अनुराग हा त्या चारांपैकी एक गुण आहे, एकमेव नव्हे. रोग्याच्या ठायी स्मृती, सांगितले ते पाळण्याची वृत्ती, निर्भयता आणि आपल्या दुखण्याचे यथार्थ निवेदन करण्याची क्षमता अपेक्षिली आहे. म्हणजे रोगी हा इतरांनी वाहून नेण्याचा भार नव्हे. तोही एक पाद आहे. त्याला अंधारात ठेवणारे घर चौथा पाद आपल्याच हाताने अधू करते.

आणि गुपित तरी कोठे टिकते? रुग्णालयाच्या दारावरील पाटी आईला वाचता येते. शेजारच्या बाकावरील रोगी बोलतो. मग मुलांना वाईट वाटू नये म्हणून तीही न कळल्याचे सोंग घेते. दोन्ही पक्ष एकमेकांना जपतात आणि दोन्ही एकटे पडतात. कोणत्या भावाशी धरलेला अबोला सोडावयाचा, कोणते दागिने कोणत्या नातीला द्यावयाचे, हे बोलणे राहून जाते. "मला भीती वाटते" एवढे साधे वाक्यही उच्चारता येत नाही.

आपल्या कायद्यानेही हे तत्त्व ओळखले आहे. २००८ साली एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्राणसंकट नसताना, भुलेखाली असलेल्या सज्ञान रुग्णाच्या वतीने आईने दिलेली संमती पुरेशी नाही; रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवे होते. तो खटला कर्करोगाचा नव्हता. तथापि आपला देह दुसऱ्याच्या मायेच्या स्वाधीन परस्पर होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

याचा अर्थ सत्य रोग्याच्या अंगावर फेकावे, असा नव्हे. जाणण्याचा अधिकार म्हणजे जाणण्याची सक्ती नव्हे. "मला तपशील नकोत, तुम्हीच काय ते ठरवा," असे एखादे वडील म्हणतील, तर तोही त्यांचाच निर्णय होय. मात्र तो त्यांना विचारून कळावा, आपण गृहीत धरू नये. किती ऐकावयाचे आहे, कोणाच्या मुखाने, कोणाच्या उपस्थितीत, हे आधी विचारावे. आणि सांगितल्यावर उठून जाऊ नये.

मित्रांनाही हाच न्याय लागू आहे. डबा पोहोचविणे, रोजच्या किरणोपचारास सोबत जाणे, रात्रीची पाळी घेऊन घरच्यांना झोप मिळवून देणे, ही कामे मोलाची खरी. पण सर्दी-पडसे असताना भेटीस न जाणे हीदेखील सेवाच आहे. "आज मी आलेले चालेल काय?" असे विचारणारा मित्र आजाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक देतो. देहावरचा ताबा दिवसेंदिवस सुटत असलेल्या माणसाला ती मोकळीक किती मोठी वाटते, हे निरोग्यास सहसा उमगत नाही.

आधार म्हणजे दुसऱ्याच्या जागी आपण उभे राहणे नव्हे, तर त्याला त्याच्या जागी उभे राहता यावे म्हणून शेजारी राहणे, असे आम्हांस वाटते. ज्या आईने सर्वांचे बरेवाईट पोटात घालून घर चालविले, तिच्यात आपले दुखणे ऐकण्याइतके बळ नसेल, असे तिच्या लेकरांनी तरी परस्पर ठरवू नये.